चांद्याला फ्ल्यू कसा पोचला

सत्तावन साली फ्ल्यूची साथ सगळ्या जगात फिरली. घोटावड्यात ती मी आणली.

हे आज इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही. ज्यांनी मला तेव्हा बदडून काढलं असतं ती माणसं आता राहिली नाहीत, आणि जी राहिली आहेत त्यांच्या हातातली काठी फक्त चालण्यापुरती असते. (माझी बायको सुमन याला अपवाद. तिच्या हातात काठी नाही. पण तिला ती कधी लागलीही नाही.)

मी तेव्हा घोटावड्याच्या शाळेत मास्तर होतो. गावात पेपर वाचणारा मी एकटा, त्यामुळे जगात जे जे चाललंय ते सगळं माझ्याच परवानगीने चाललंय असा माझा चेहरा असायचा. आषाढ लागला आणि वरच्या कचेरीतून हुकूम आला की फ्ल्यूच्या साथीबद्दल शिक्षकांची पुण्यात सभा आहे, जातीने हजर राहावे. सभेचा विषय होता, गर्दी कशी टाळावी. त्यासाठी जिल्ह्यातले झाडून सगळे मास्तर एका हॉलमध्ये कोंबले होते. बाहेर पाऊस म्हणून खिडक्या बंद. व्यासपीठावरच्या साहेबांचा आवाज बसलेला, नाक लाल, आणि दर दोन वाक्यांनंतर एक शिंक. शेवटी त्यांनी प्रत्येकाला स्वतःच्या हाताने पत्रकांचा एकेक गठ्ठा दिला. पत्रकं ओलसर हवेने एकमेकांना चिकटली होती, म्हणून ती सुटी करायला साहेब दर वेळी बोट जिभेला लावत होते. पत्रकातलं पहिलंच कलम होतं, 'रोग्याच्या थुंकीपासून दूर राहा.' मी ते एसटीत बसून दोनदा वाचलं, पान उलटायला बोट जिभेला लावूनच.

पिरंगुटाजवळच्या फाट्यावर उतरून चालत घरी आलो तेव्हा मला शिंका सुरू झाल्या होत्या. सुमनने विचारलं, काय होतंय? मी म्हटलं, खडूची धूळ.

तिसऱ्या दिवशी आमचे आबा, म्हणजे वडील, अंथरुणाला खिळले. त्यांच्यामागोमाग थोरला भाऊ, वहिनी, मग सुमन. मग शेजारचं घर, मग त्याच्या शेजारचं. आठवड्याच्या आत गावात अशी अवस्था आली की मारुतीला पाणी घालायला माणूस मिळेना. शाळा बंद पडली. उभा होतो तो मी एकटा. नाक वाहत होतं, अंगात कसकस होती, पण उभा होतो, आणि याचं श्रेय मी माझ्या शिस्तीला देत होतो. घरोघर जाऊन, उंबऱ्यात उभा राहून, मी पत्रक मोठ्याने वाचत असे. आतली माणसं कण्हत असत. त्यांना पटतंय असं मला वाटे.

आता खरी अडचण सांगतो. आमचं भाताचं खाचर गावाच्या शिवेला लागून, चांद्याच्या वाटेवर आहे. वर्षाचा आंबेमोहर तिथे पिकायचा, आणि घरातली दहा तोंडं त्यावर वर्षभर जेवायची. माझ्या पगारात फार तर त्या भातावरचं वरण झालं असतं. राबातला तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावणीला तयार होता, आणि लावणारे सगळे घोंगडीखाली होते. आबांनी मला जवळ बोलावलं. त्यांचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येत होता.

"आठ दिस हायेत. त्येच्या म्होरं तरवा जून व्हतो. मंग लावला काय आन् बैलापुढं टाकला काय, सारखंच."

"आबा, चांद्याची माणसं येणार आहेत ना गुरुवारी?"

"त्येवढ्यावरच जीव धरून हाय मी," आबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

चांदे ही माझी सासुरवाडी. आमच्याकडे लावणी इर्जिकीवर चालते: आज तुम्ही आमच्या खाचरात, उद्या आम्ही तुमच्या, आणि ज्याचं खाचर त्याच्या घरी सगळ्यांना जेवण. सासऱ्यांनी (त्यांना मी मामा म्हणायचो) पंधरा माणसांचा शब्द दिलेला होता. चांद्यात अजून कुणाला साधी सर्दीही नव्हती. म्हणजे आमचं वर्षाचं जेवण त्या पंधरा जणांच्या हातात होतं. त्यांना फक्त गुरुवारी येऊ द्यायचं, एवढंच माझं काम. एवढं काम कोणीही केलं असतं.

पण मध्येच राघूअण्णांनी गाड्याचा विषय काढला. राघूअण्णा म्हणजे गावातले सगळ्यात म्हातारे, आणि साथीच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा, कारण गावावर आलेल्या सगळ्या साथींमधून ते जिवंत राहिले होते. साथ आली की लाकडाचा हातभर गाडा करायचा, त्यात देवीला बसवायचं, खण-नारळ, हिरव्या बांगड्या, लिंबं, दहीभात ठेवायचा, आणि हलगी वाजवत गाडा शिवेपार नेऊन सोडायचा. सोडणाऱ्याने वाटेत बोलायचं नाही आणि परतताना मागे वळून बघायचं नाही. मग ती साथ पुढच्या गावाची. पुढचं गाव तो गाडा आणखी पुढच्या गावाच्या शिवेवर ढकलणार. आणि आमच्या गाड्याची वाट पहिल्यापासून चांद्याकडची.

सुमनने हे अंथरुणात ऐकलं आणि ताप असतानाच उठून बसली. तिच्या माहेरावर साथ ढकलायची आणि वर त्यांनाच लावणीला बोलवायचं, हे तिच्या डोक्यात मावेना. मीही चवताळून मारुतीच्या देवळात गेलो. तिथे राघूअण्णा आणि आणखी तीन म्हातारे घोंगड्या गुंडाळून बसले होते. मी त्यांना जंतू समजावून सांगितले. साथ गाड्यात बसत नाही, ती माणसाच्या श्वासातून, खोकल्यातून, शिंकेतून जाते, असं म्हणालो आणि नेमका शिंकलो. राघूअण्णांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं.

"मास्तर, ती जाती कशातनं ते ऱ्हाऊ द्या. ती जानार कुटं, ते सांगा."

मी पत्रक पहिल्या कलमापासून वाचून दाखवलं. ते संपल्यावर राघूअण्णांनी गाडा आठ दिवस पुढे ढकलला. मी विजयी मुद्रेने घरी आलो आणि आपल्या भाषणाचा प्रभाव आबांना सांगितला. आबा म्हणाले, गाडा करणारा सुतार तापाने पडलाय आणि ओढायला पाच माणसं उभी नाहीत, म्हणून पुढे ढकललाय. मी ते मनावर घेतलं नाही. तापात माणूस काहीही बोलतो.

गाडा थांबला, पण गाड्याची बातमी थांबली नाही. चांद्याहून निरोप आला: तुमचा गाडा आमच्या शिवेवर येणार असेल, तर आमची माणसं तुमच्या शिवेवर येणार नाहीत. गुरुवार तीन दिवसांवर आला होता. मी ताबडतोब ठरवलं की आपण जातीने चांद्याला जायचं आणि मामांची समजूत काढायची.

सुमन म्हणाली, "चिठ्ठी धाडा. न्हाईतर शिवेवरनं हाक मारून सांगा कुनाला तरी. तुमी जाऊ नगासा, तुमाला शिंका येत्यात."

"खडूची धूळ आहे ती."

"शाळा बंद हाय न्हवं आठ दिस?"

बायका फार तपशिलात शिरतात, असं मनाशी म्हणत मी पत्रकं पिशवीत भरली, पत्रकात सांगितल्याप्रमाणे तोंडावर हातरुमाल बांधला, डोक्यावर इरलं घेतलं आणि निघालो. पत्रकाचं सातवं कलम होतं, 'अस्वस्थ वाटत असल्यास घराबाहेर पडू नये.' ते मी इतरांसाठी राखून ठेवलं होतं.

चांद्यात मामांच्या पडवीत पाऊल टाकलं आणि पहिला घोटाळा झाला. सासूबाई पायावर पाणी घालायला तांब्या घेऊन आल्या, माझं बांधलेलं तोंड बघितलं आणि तिथेच थबकल्या. चेहरा पडला. आत जाऊन त्या मामांना म्हणाल्या की पाव्हण्यांना आपल्या घराची घाण येतीय. जावयाने सासुरवाडीला नाक बांधून येणं हे किती मोठं अपमानाचं काम आहे ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं. पत्रक छापणाऱ्याला सासुरवाडी नसावी. मी झटकन रुमाल सोडला, खिशात घातला आणि आता सगळ्यांनाच दिसावं म्हणून तोंडभर हसलो. हसता हसता खोकला आला.

दुसरा घोटाळा चहाचा. जावई गावात आला की भावकीतल्या प्रत्येक घरी त्याने चहा घेतलाच पाहिजे. एका घरी घेतला आणि दुसऱ्या घरी नाही घेतला, तर पुढची दोन लग्नं त्या भांडणात जातात. मामांच्या भावकीची घरं नऊ. त्या नऊ घरांत मिळून कपबशी एकच, निळ्या फुलांची, मामांच्या घरची. बाकी सगळे पितळ्यांत चहा प्यायचे. पाहुणा ज्या घरी जाई त्या घरी ती कपबशी आधी जाऊन पोचायची. मी चहा प्यायचो. मग घरच्या म्हाताऱ्यालाही त्या कपातून पिण्याची हौस, म्हणून माझा कप पदराने पुसून त्याला दिला जाई. त्यानंतर म्हातारीला, मग सुनेला. प्रत्येक घरी मी पत्रक वाचलं आणि थुंकीवरच्या कलमावर विशेष भर दिला. आठ घरं झाली. नववं घर धोंडूतात्यांचं, ते गावाच्या दुसऱ्या टोकाला, ते संध्याकाळवर ठेवलं.

दुपारी माझ्या सांगण्यावरून देवळात सगळं गाव गोळा झालं; फक्त धोंडूतात्यांकडची माणसं संध्याकाळच्या चहाच्या तयारीत घरीच राहिली. तिथे मी त्यांना गोळा होऊ नका म्हणून सांगितलं. मिठाच्या पाण्याने गुळण्या कशा करायच्या त्याचं प्रात्यक्षिकही दाखवलं. एका तांब्यात मीठपाणी घेतलं, तोंडाला लावून मी आधी केली, मग तांब्या फिरवला. लोकांनी मनापासून गुळण्या केल्या. अशी शिस्त मी शाळेतसुद्धा कधी पाहिली नव्हती.

मामांचं समाधान झालं. गाडा येत नाही, जावई स्वतः आला, चांगला हिंडतोय-फिरतोय, म्हणजे घोटावड्याला फारसं काही नाही असा त्यांनी हिशोब केला.

"बेस्तरवारी सकाळच्या पारी आमची पंधरा मानसं तुमच्या बांदावर उभी ऱ्हातील, गुरुजी. आबांना सांगा, काळजी करू नगा म्हनावं."

आमचं वर्षाचं जेवण वाचलं होतं. मी मामांना नमस्कार करायला उठलो, आणि जो उठलो तो तसाच खाली बसलो. पडवी माझ्याभोवती फिरत होती. सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.

पुढचे दोन दिवस मी मामांच्या माजघरात, त्यांच्या सगळ्यात जाड घोंगडीखाली होतो. गुरुवारी सकाळी शुद्धीवर आलो, तेव्हा पहिली आठवण त्या पंधरा माणसांची झाली. घर शांत होतं. बरं वाटलं. सगळे लावणीला गेलेले दिसतात.

"मामा," मी हाक मारली. "गेली का माणसं?"

समोरच्या कोपऱ्यात एक घोंगडी हलली. आतून मामांचा आवाज आला, "कुटं जात्यात? समदी पडल्याती."

एकही माणूस गेला नव्हता. पंधरांतले अकरा आपापल्या घरात कण्हत होते आणि उरलेले चार त्यांना कांजी पाजत होते. मी डोळे मिटले. मला आबांचा भिंतीकडे वळलेला चेहरा दिसला. ते बांधावर वाट बघत असतील, हे मनात आलं आणि मला खरोखरच रडू फुटलं. (सासूबाईंना वाटलं तापाने. त्या माझ्या कपाळावर आणखी एक ओली घडी ठेवून गेल्या. त्यांचेही डोळे वाहत होते, पण ते खरंच तापाने.)

शुक्रवारी धोंडूतात्या आले. घरात आले नाहीत. अंगणाच्या पार टोकाला, पावसात, इरलं पांघरून उभे राहिले आणि तिथूनच मला दारात यायला सांगितलं. मी चौकटीला धरून उभा राहिलो. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी विचारलं, सोमवारी कुणाकुणाकडे चहा झाला? मला बरं वाटलं. एवढ्या तापातही माझी भावकीची नाती पक्की होती, एकही घर चुकलं नाही. मी घर सांगायचो आणि ते एक बोट मिटायचे. आठ बोटं मिटली.

"आन् माज्याकडं?"

"तुमच्याकडे यायचं राहूनच गेलं, तात्या. एकदम तापच भरला. तेवढं मनात धरू नका."

"न्हाई, न्हाई," तात्या म्हणाले. "लई उपकार झालं."

त्यांनी मिटलेली आठ बोटं पुन्हा एकदा मोजली. मग बोटं तशीच मिटलेली ठेवून निघून गेले. त्या आठही घरांतली झाडून सगळी माणसं आजारी होती आणि तात्यांच्या घरात कुणी शिंकलंसुद्धा नव्हतं, हे मला नंतर कळलं. पुण्याला एवढी मोठी सभा झाली, साहेबांनी दीड तास भाषण केलं. पण साथ कुठून आली आणि कशी पसरली याचा शोध असा दहा बोटांवर कुणी लावला नव्हता. मीच तो पुरावा, आणि मीच जबाब देऊन आलो!

शनिवारी सकाळी मामांच्या अंगणात बैलगाडी येऊन उभी राहिली. गाडीत पेंढा घातला होता. मला आधार देऊन त्यावर बसवलं. अंगात ताप होता, पण मन भरून आलं. कोण कुठला मी, आणि मला घरी पोचवायला यांनी एवढ्या पावसात गाडी जुंपली! सासूबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, जरा जास्तच, चांगलं नाकापर्यंत. मांडीवर खण-नारळ ठेवला. हिरव्या बांगड्या ठेवल्या. (सुमनसाठी असतील.) बाजूने लिंबं मांडली. (सर्दीवर लिंबू उत्तम, असं पत्रकातच होतं.) द्रोणात दहीभात दिला. (वाटेत भूक लागली तर.) शेवटी पाय बांधलेली एक काळी कोंबडी माझ्याशेजारी आणून ठेवली. जावयाला कोंबडी देतात हे मला माहीत होतं, पण आजारी जावयालाही देतात हे नवीन होतं. मी हात जोडून म्हणालो, एवढं कशाला?

कुणी उत्तर दिलं नाही. सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधली होती. ते बघून माझ्यातल्या मास्तराला धन्य वाटलं. माझं शिक्षण वाया गेलं नव्हतं!

गाडी निघाली आणि पुढे हलगी वाजायला लागली. पावसाने चामडं सैल झालेलं, त्यामुळे आवाज भद्द येत होता, पण वाजवणारा जीव तोडून वाजवत होता. धोंडूतात्या सगळ्यांच्या पुढे. गावातली उभी असलेली माणसं दारादारातून बाहेर येऊन माझ्यावर भंडारा टाकत होती. मी दोन्ही बाजूंना मान लववून नमस्कार घेत होतो. चिखलात चाक रुतलं, तेव्हा चार जणांनी न बोलता खांदा लावला. मी त्यांना म्हटलं, सावकाश, घाई नाही. त्यांना होती असं दिसलं.

शिवेवर आंब्याखाली गाडी थांबली. मला उतरवून बुंध्याला टेकून बसवलं. खण, नारळ, बांगड्या, लिंबं, दहीभात सगळं माझ्याभोवती नीट मांडलं. कोंबडीचे पाय सोडले. धोंडूतात्यांनी माझ्यावरून नारळ उतरून फोडला, आणि सगळी मंडळी वळून चालायला लागली. मी हात हलवत ओरडलो, "सगळ्यांना नमस्कार सांगा! पुढच्या खेपेला तात्यांकडे चहा नक्की!" एकानेही मागे वळून पाहिलं नाही. उलट पावलं भराभर पडायला लागली. कोंबडी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग तीही फडफडत चांद्याकडे पळाली. तिला कुणी अडवलं नाही.

मी मान वळवली. समोर आमचं खाचर होतं, आणि खाचरात आमची माणसं होती. जी आधी पडली ती आधी उठली होती. आबा, भाऊ, वहिनी, सुमन, शेजारची काही माणसं, सगळी अशक्त, चेहरे उतरलेले, चार रोपं लावली की गुडघ्यावर हात ठेवून थांबणारी. तरी निम्म्याहून जास्त खाचर लावून झालं होतं. चांद्याची वाट गुरुवारी दुपारपर्यंत पाहून आबा स्वतः चिखलात उतरले होते. हलगी ऐकून सगळे हातात रोपं घेऊन माझ्याकडे बघत उभे राहिले. राघूअण्णाही काठी टेकत आले.

सुमन जवळ आली. माझं कपाळ बघितलं, लिंबं बघितली, बांगड्या बघितल्या. त्यांना हात लावला नाही.

"काय गं, तुझ्या माहेरच्यांनी केवढा मान केला बघ," मी म्हणालो.

"मान न्हाई केला," ती म्हणाली. "तुमाला शिवेवर सोडलंय. साथ म्हनून."

ऐकलेलं आत उतरायला मला जरा वेळ लागला. उतरल्यावर पहिल्यांदा राग आला. अंधश्रद्धा, अडाणीपणा, विज्ञानयुग असे चार मोठे शब्द मी सलग उच्चारले. सुमनने ते संपू दिले. चांद्याची बातमी तिला आदल्या दिवशीच कळली होती.

"आट घरी च्या प्यालासा. आटी घरं पडली. ह्येच्यात अडानी काय हाय?"

तिच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि तापाने ओठ फाटले होते. माझ्या शिंकांनी ती आजारी पडली, माझ्या हट्टाने तिचा बाप पडला, आणि मी खण-नारळ घेऊन झाडाखाली बसलो होतो. मला लाज वाटली. तशी लाज पुढे कधी वाटली नाही, म्हणजे वाटण्यासारखं पुष्कळ केलं, पण तशी वाटली नाही.

पण गोष्ट एवढ्यावर भागत नव्हती. राघूअण्णांनी नियम काढला की शिवेवर सोडलेली साथ गावात परत घेता येत नाही, ती पुढच्या गावाला लावून द्यावी लागते. यावर खाचराच्या बांधावर, माझ्यादेखत, गंभीर चर्चा झाली. कुणीतरी मारुंजीचं नाव सुचवलं. आबांनी हरकत घेतली की मारुंजीत आपलं कुणी पाव्हणंरावळं नाही, तिथे ह्याला कोण ठेवून घेणार? दुसऱ्याने विचारलं की मास्तर सरकारी माणूस आहे, तर त्याला पुण्यालाच परत धाडला तर? तेवढ्यात आबा काठीने आंब्याच्या पलीकडची खोप दाखवून म्हणाले की ती खोप शिवेच्या आतही नाही आणि बाहेरही नाही, तिथे पडू दे ताप उतरेपर्यंत. असा निकाल लागला. राखणीच्या खोपीत माझी रवानगी झाली. भाकरी चार हातांवर ठेवली जायची आणि ठेवणारा मागे न बघता निघून जायचा.

संध्याकाळपर्यंत आमची लावणी उरकली. आता प्रश्न चांद्याचा. तिथे सगळे आडवे झालेले आणि मामांचा तरवा राबात जून होत चाललेला. यंदा आमच्या घरी भात आणि माझ्यामुळे मामांच्या घरी उपास, असं व्हायची वेळ आली होती. सुमनने आबांकडे बघितलं. आबा एवढंच म्हणाले की इर्जिक आहे, आपली पाळी आली. ज्यांचा ताप होऊन गेलाय ते पुन्हा पडत नाहीत, हे पत्रकात नव्हतं, पण आठ दिवसांत गावाला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी घोटावड्याची वीस माणसं, इरली घेऊन, माझ्या खोपीवरून चांद्याकडे गेली. मी आतून म्हटलं, मीही येऊ का मदतीला? वीसच्या वीस माणसं चालण्याचा वेग वाढवून गेली.

तिसऱ्या दिवशी सुमन परत आली. चिखलाने माखलेली, पण चेहरा निवळलेला. खोपीपासून चार हात लांब उभी राहून तिने सांगितलं की मामांची लावणी झाली, एक खाचर राहिलं नाही. सासूबाईंनी सगळ्यांना जेवायला घातलं. मामा उठून बसायला लागलेत. मला इतकं हायसं वाटलं की मी उठून बसलो आणि भीत भीत विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाले का?

"म्हनलं की. म्होरल्या बारीला साथ आली तर घोटावड्याला सांग म्हनलं, गाडाच धाडा. जावई धाडू नगा."

"अगं, पण जंतू गाड्यात बसत नाहीत हे त्यांना—"

"गाडा घरोघर च्या पीत न्हाई," सुमन म्हणाली.

यावर काहीतरी शास्त्रीय उत्तर द्यावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि शिंकलो. तिला एकदा फ्ल्यू होऊन गेला होता. तरीही ती आणखी चार हात मागे सरकली.